जरा आत घेतलेली गोगलगाय

"या पुस्तकात एक मिलीमीटर जरी इकडचा तिकडे निघाला, तर निसर्गमाला खुशाल बंद करा आणि मला आयकर मार्गदर्शिकेच्या विभागात बसवा," असं संपादकबाई भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. कारण त्या प्रकाशनसंस्थेत आयकर मार्गदर्शिकेचा विभाग जिन्याखाली होता, आणि तिथे बसायला गेलेला माणूस पुन्हा वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

साहेबांनी मात्र मान डोलावली. त्यांना ही अट मनापासून आवडली, आणि काळजी करण्यासारखं होतं ते नेमकं हेच. मुलांसाठी प्राण्यांची आणि निसर्गाची चित्रपुस्तकं काढणं हा साहेबांच्या मते लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा प्रकार होता. मुलांना चमकी लावलेल्या पऱ्या हव्या असतात, गोगलगायी नव्हे, हे मत ते येता-जाता मांडत. निसर्गमाला बंद करायला त्यांना फक्त एक सभ्य कारण हवं होतं. ते संपादकबाईंनी स्वतःच आणून हातात ठेवलं.

पण बाईंना भीती कसली? 'बागेतले शेजारी' हे पुस्तक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यातला प्रत्येक प्राणी खऱ्या आकारात होता. ढालकिडा ढालकिड्याएवढा, नाकतोडा नाकतोड्याएवढा, आणि गांडूळ तर दोन पानांवर आडवं पसरलेलं. पुस्तकाच्या शेवटी जाड कागदाची घडीची पट्टी होती, मुलांनी कापून घ्यावी आणि सगळं मोजत सुटावं म्हणून. मागच्या कव्हरवर बाईंनी स्वतः लिहिलेली ओळ होती, 'मोजून पाहा. चुकलं तर आम्हाला सांगा.'

ऑफिसात त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना तो मान वाटे. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण स्टीलची पट्टी हवीच. घरीही तोच खाक्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंत आणि कपाट यांच्यामध्ये एक फट होती आणि तिथे पुस्तकांचं शेल्फ बसवायचं असं लग्नानंतर लगेच ठरलं होतं. नवरा अधूनमधून उत्साहाने म्हणे, "सुताराला सांगतो. अंदाजे दीड हात जागा असेल." की बाई म्हणत, "अंदाजे हा शब्द या घरात चालणार नाही." तिथेच विषय संपे. पुस्तकं जमिनीवर वाढत राहिली आणि नवरा त्यांच्यावरून उड्या मारत फॅनच्या बटणापर्यंत जात राहिला.

चित्रकार बाईंच्याच जातकुळीतला. जिवंत प्राणी समोर असल्याशिवाय हा माणूस पेन्सिल उचलत नसे. गोगलगायीसाठी त्याने एक गोगलगाय काचेच्या बरणीत पाळली होती. रोज ताजी पानं, रोज पाण्याचा शिडकावा. चित्र पूर्ण होऊन कित्येक महिने झाले तरी ती बरणीतच होती. तो तिला 'आमची' म्हणे. "आमची सकाळपासून शंखात आहे," असं तो फोनवर सांगे तेव्हा नव्या माणसाला वाटायचं की घरात काही दुखणंखुपणं आहे. चित्राखाली छापलं होतं, 'शंखाची उंची: चार सेंटीमीटर.' ही उंची दोघांनी मिळून, श्वास रोखून, तीनदा मोजली होती.

शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणारी एक समिती होती. तिच्या प्रमुख बाई शुक्रवारी ऑफिसात येणार होत्या. त्यांनी पुस्तक घेतलं तर निसर्गमालेचं पुढचं पुस्तक निघणार, नाही घेतलं तर पऱ्या. संपादकबाईंनी समितीच्या बाईंना फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगूनही ठेवलं होतं, "आम्ही खरी गोगलगाय चित्राशेजारी ठेवूनच दाखवू."

सोमवारी छापखान्यातून पहिल्या प्रती आल्या. बाईंनी गठ्ठा सोडला, कागदाचा वास घेतला, समाधानाने गोगलगायीचं पान उघडलं आणि सवयीने पर्समधली पट्टी लावली.

मग पट्टी उचलून पुसली. पुन्हा लावली.

शंख चार सेंटीमीटरचा नव्हता. पावणेचारच्या आसपास कुठेतरी रेंगाळत होता. बाईंनी ढालकिडा मोजला. आखडलेला. नाकतोडा मोजला. आखडलेला. गांडूळ मोजायला त्यांना उभं राहावं लागलं, आणि तेही आखडलेलंच निघालं. त्यांनी छापखान्याच्या काकांना फोन लावला.

"काका, प्राणी लहान झालेत."

"मिळाल्या का प्रती?" काका खुशीत होते. "रंग बघितलेत? हिरवा कसा उठलाय बघा."

"काका, गोगलगाय लहान झालीये. सगळेच लहान झालेत."

"हां, ते होय," काका म्हणाले. "अहो, गांडुळाची शेपटी कटिंगमध्ये जात होती. म्हटलं बाईंचं गांडूळ, शेपटीशिवाय कसं पाठवायचं? म्हणून मग जरा आत घेतलं."

"गांडूळ आत घेतलंत?"

"एकटं गांडूळ कसं घेणार? सगळं पुस्तकच घेतलं. शंभराचं चौऱ्याण्णव. कळतसुद्धा नाही. उलट चहूबाजूंनी पांढरं सुटल्यामुळे कसं मोकळं वाटतं की नाही?"

काका आभाराची वाट बघत थांबले. तीस वर्षांत त्यांनी किती पुस्तकांच्या शेपट्या अशा वाचवल्या होत्या, कुणी कधी तक्रार केली नव्हती. बाईंनी विचारलं, शुक्रवारपर्यंत पुन्हा छापून मिळेल का? काका म्हणाले, मशीनवर परीक्षेच्या उत्तरपत्रिका चढल्यात, आता महिनाभर हलायची सोय नाही. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "पण शेपटी नीट आली ना?"

बाई त्या दिवशी एक प्रत घरी घेऊन गेल्या, ती टेबलावर टाकली आणि न जेवता झोपल्या. सकाळी उठल्या तेव्हा डोकं ताळ्यावर आलेलं होतं. पुस्तक बदलता येत नाही ना? मग गोगलगाय बदलायची. घरातला मापाचा टेप त्यांनी पर्समध्ये घातला आणि निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "ते शेल्फचं काय ते एकदा मोजून सुताराला सांगून टाक बाबा. निदान या घरात तरी एक काम मापात होऊ दे."

नवऱ्याच्या कानावर 'सांगून टाक' हे शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडत होते. तो लगेच उठला.

चित्रकाराला बाईंनी सरळ बागेत बोलावलं. माळी नुकतंच पाणी घालून बसला होता आणि गोगलगायी मजेत फिरायला निघाल्या होत्या. दोन शिकलीसवरलेली माणसं वाफ्यात गुडघे टेकून एकेक गोगलगाय उचलतायत, पट्टीला लावतायत आणि नापास करून परत ठेवतायत, हे माळ्याने बराच वेळ बघितलं. शेवटी न राहवून तो जवळ आला.

"काही हरवलंय का?"

"गोगलगाय हवी होती," बाई म्हणाल्या.

"मग या काय आहेत?"

"या मोठ्या आहेत. थोडी लहान हवी."

माळ्याने शेजारची एक उचलून दिली. "ही घ्या. लहान आहे."

"ही फारच लहान आहे."

"घ्यायच्या तर सगळ्या घ्या की," माळी कळवळून म्हणाला. "अख्खी बाग खाल्ली त्यांनी. पिशवी देऊ का?"

चित्रकार एव्हाना फुगून बसला होता. त्याला हा बेतच पसंत नव्हता. "चित्र आमचीचं आहे," तो म्हणाला. "शेजारी भलतीच आणून ठेवायची म्हणजे फसवणूक झाली."

"अहो, गोगलगाय ती गोगलगाय. कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखतो ना."

शेवटी एका कुंडीच्या बुडाशी हवी तशी सापडली. पावणेचारच्या आसपास, अगदी छापील. बाईंनी ती डब्यात घालून चित्रकाराच्या हवाली केली आणि बजावलं, "शुक्रवारी हीच आणायची." चित्रकाराने डबा असा धरला की जणू त्याला परक्याचं पोर सांभाळायला दिलंय.

आता उरली पट्टी. समितीच्या बाई निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. अशी व्यक्ती 'खरा आकार' हे शब्द वाचेल आणि पट्टी मागणार नाही, हे शक्यच नव्हतं. तेव्हा ऑफिसात पट्टीच असता कामा नये. गुरुवारी बाई टेबलाटेबलावर फिरल्या. हिशेबनीसांची लाकडी पट्टी घेतली, सजावट विभागातल्या सगळ्या पट्ट्या घेतल्या, काउंटरवरच्या मुलीचा टेप घेतला. "दोन दिवस लागतीये," एवढंच म्हणायच्या आणि पुढे जायच्या. सगळं त्यांच्या खणात गेलं. घरचा टेप आणि त्यांची लाडकी स्टीलची पट्टीही गेली. खणाला कुलूप लागलं.

फूटपट्टीने एवढ्या पट्ट्या नेल्या म्हटल्यावर ऑफिस गप्प बसणार होतं का? दुपारपर्यंत ठाम बातमी झाली की साहेब टेबलं लहान करणार आहेत आणि मोजणी बाईंकडे दिलीये. सजावट विभागाने ताबडतोब आपली टेबलं एकमेकांना चिकटवली, म्हणजे मोजताना एकच दिसावं. हिशेबनीस तडक साहेबांकडे गेले.

"साहेब, माझं टेबल आधीच लहान आहे. आणखी कापलंत तर कोपर ठेवायला जागा राहायची नाही."

"कोण कापतंय टेबल?" साहेब म्हणाले.

"मग मोजणी कशाला चाललीये?"

साहेबांच्या डोक्यात तोवर टेबलं लहान करण्याचा विचार कधी आला नव्हता. तो आता आला. हिशेबनीस गेल्यावर ते कितीतरी वेळ केबिनच्या काचेतून बाहेरच्या टेबलांकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

शुक्रवारी समितीच्या बाई वेळेवर आल्या. लहानखुऱ्या, शांत, आणि प्रत्येक गोष्टीकडे वही तपासल्यासारख्या बघणाऱ्या. साहेब आले. चित्रकार डबा घेऊन आला. मीटिंगच्या खोलीत पुस्तक उघडून ठेवलं, आणि चित्रकाराने डब्याचं झाकण काढून गोगलगाय अलगद पानावर ठेवली.

संपादकबाईंनी एकदा बघितलं आणि पुन्हा वाकून बघितलं. शंखाच्या कडेवर तो पांढरट ओरखडा होता. हा ओरखडा रंगवताना चित्रकाराने बाईंना दोनदा बोलावून दाखवला होता. ही परकी नव्हती. ही 'आमची' होती. बाईंनी चित्रकाराकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर खुर्चीखाली गेला असता. चित्रकार छताकडे बघत होता.

"छान आहे," समितीच्या बाई म्हणाल्या. "पट्टी देता का जरा?"

"पट्टी आणा रे कुणीतरी," साहेबांनी दारातून हाक मारली.

बाहेर कुणी हललं नाही. हिशेबनीसांनी आवाज शक्य तेवढा निर्विकार ठेवून सांगितलं, "होती, साहेब. आता नाहीये."

"अख्ख्या ऑफिसात एक पट्टी नाही?"

"परवापर्यंत होत्या."

संपादकबाई घाईघाईने म्हणाल्या, "तोवर तुम्ही गांडूळ बघा ना. शेपटी फार नीट आलीये." एवढ्यात गोगलगायीला पानाचा कोपरा आवडला आणि ती तो कुरतडू लागली. साहेबांनी तिला बोटाने बाजूला करायचा प्रयत्न केला, तर चित्रकार म्हणाला, "हात धुतलेत का?" साहेबांनी हात मागे घेतला.

"अहो, पट्टी आहे की इथेच," समितीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तकाची शेवटची घडी उलगडली, कागदी पट्टी मोकळी केली आणि चित्रातल्या शंखाला लावली.

संपादकबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना जिना दिसला, आणि जिन्याखालचं टेबल.

"चार सेंटीमीटर," समितीच्या बाई म्हणाल्या. "बरोब्बर चार."

बाईंनी डोळे उघडले. समितीच्या बाई ढालकिडा मोजत होत्या. बरोबर. नाकतोडा. बरोबर. गांडुळाला पट्टी दोनदा लावावी लागली, तेही बरोबर. आणि तेव्हा कुठे संपादकबाईंच्या डोक्यात उजेड पडला. काकांनी सगळं पुस्तक आत घेतलं होतं. सगळं म्हणजे सगळं. शेवटच्या पानावरची पट्टीसुद्धा. जेवढी गोगलगाय आखडली होती तेवढाच सेंटीमीटरही आखडला होता, आणि आता त्या पुस्तकाच्या दोन कव्हरांमध्ये चूक म्हणून औषधालाही शिल्लक नव्हती.

मग समितीच्या बाईंनी तीच पट्टी जिवंत गोगलगायीला लावली.

"ही जरा मोठी दिसतीये. सव्वाचार."

चित्रकाराने छतावरची नजर खाली आणली.

"वाढीचं वय आहे तिचं," तो म्हणाला.

समितीच्या बाईंनी क्षणभर गोगलगायीकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांनी आयुष्यभर मुलं वाढताना बघितली होती, त्यांना हे लगेच पटलं. "पुस्तक आम्ही घेतोय," त्या म्हणाल्या. "आणि ही कागदी पट्टी फार चांगली कल्पना आहे. मुलं प्राणीच कशाला, काहीही मोजतील. स्वतःची उंची मोजतील. सगळ्या शाळांना जाईल हे बघते मी."

संपादकबाईंना आनंद व्हायला हवा होता आणि अर्धा मिनिट तो झालाही. मग 'स्वतःची उंची' हे शब्द आत उतरले. शाळाशाळांतून पोरं एका रात्रीत बोटबोटभर वाढणार होती. समितीच्या बाई गेल्यावर त्या साहेबांच्या मागोमाग केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, शाळांच्या प्रती नव्याने छापाव्या लागतीलच. त्यात एक-दोन ठिकाणी किंचित बदल करायचे होते."

"अजिबात नाही," साहेब म्हणाले. ते आज फार मोकळे झाले होते. "समितीने जे मोजलं तेच छापायचं. एक मिलीमीटर इकडचा तिकडे करायचा नाही. तुमचंच तत्त्व आहे बाई, आज पटलं मला. आणि हो, टेबलांची मोजणी झाली की आकडे द्या."

आता खरं सांगायचं तर जिन्याखाली जायची तयारी हवी, आणि नाही सांगितलं तर आयुष्यभर कुठल्याही शाळेवरून जाताना मान खाली. बाईंनी खण उघडून सगळ्यांच्या पट्ट्या परत केल्या, आपली स्टीलची पट्टी पर्समध्ये टाकली आणि घरी निघाल्या. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही, पुस्तक निवडलं गेलं."

घराचं दार पुरतं उघडेना. कशाला तरी अडत होतं. बाई पोट आत घेऊन आत शिरल्या तर बैठकीच्या खोलीच्या मधोमध एक नवंकोरं शेल्फ उभं. पॉलिश चकाकतंय, कप्पे सरळ, काम बघत राहावं असं. सुतार आणि नवरा जमिनीवर बसलेले, दोघांचे सदरे घामाने भिजलेले.

"जात नाही," नवरा म्हणाला.

"काय जात नाही?"

"शेल्फ. त्या फटीत. दोन-तीन बोटं जास्त झालंय. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं."

"माझ्याकडे बघू नका ताई," सुतार म्हणाला. "मला दिलं त्या मापाचंच आहे. सुताभराचा फरक नाही."

"तू अंदाजे दिलंस ना माप?" बाई कडाडल्या. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा ताप त्या एका शब्दावर निघाला.

नवऱ्याला हे फार लागलं. "या वेळी नाही," तो म्हणाला. "मंगळवारी तू टेप घेऊन गेलीस. घरात पट्टी म्हणून उरली नाही. मग मी तुझ्या पुस्तकातली कापून घेतली आणि लावत गेलो, एकेक रेघ बघून. आयुष्यात एवढं नीट काही मोजलं नव्हतं मी."

बाई शेल्फच्या खालच्या कप्प्यावर टेकल्या. त्यात बसायला ऐसपैस जागा होती. नवऱ्याने टेबलावरचं 'बागेतले शेजारी' उचललं, उलटं केलं आणि मागच्या कव्हरवरची ओळ शांतपणे मोठ्याने वाचली.

"मोजून पाहा. चुकलं तर आम्हाला सांगा." त्याने पुस्तक खाली ठेवलं. "तर सांगतोय."

सुताराने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि उगाचच पटाशी पुसायला घेतली. सगळ्या पुस्तकात एक चूक निघाली, ती सांगणारा पहिला वाचक निघाला, आणि तो नेमका घरातला.

"उद्या साहेबांना सगळं सांगून टाकते," शेवटी त्या म्हणाल्या. "पुन्हा छापा म्हणते. पोरांना खोटी पट्टी नको."

"आणि मग?"

"मग जिन्याखाली." त्यांनी बसल्या बसल्या शेल्फच्या फळीवरून हात फिरवला. काम खरंच सुरेख होतं. "तिथे टेबलाच्या मागे जागा आहे थोडी. हे तिथे बसेल का रे?"

नवऱ्याने शेल्फकडे डोळे बारीक करून बघितलं.

"अंदाजे बसेल," तो म्हणाला.

आणि त्या घरात पहिल्यांदाच त्या शब्दाला कुणी हरकत घेतली नाही.